तांब्याच्या मातीतून दागिना

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या कारागिरांनी सातवाहनकाळात केओलिनच्या पांढऱ्या मातीपासून दुहेरी साच्यात मूर्ती घडवल्या. ओली माती साच्यात दाबायची, वाळवायची, भाजायची, ही रीत आज तांब्याच्या दागिन्यांनाही लागू पडते. याच जिल्ह्यातल्या सास्तूरसारख्या गावातल्या घरातही हे काम जमेल. तापमान नेमके राखणारी विजेची भट्टी मात्र हवी.

तांब्याची अतिशय बारीक पूड, मिथाइल सेल्युलोजसारखा चिकट पदार्थ आणि पाणी मिळून ही माती, म्हणजेच कॉपर क्ले, बनते. 1990च्या दशकात जपानमध्ये मित्सुबिशी मटेरियल्सने चांदीची अशी माती आणली. तांब्याची त्यानंतर आली. कोरडी पूड हाताळताना मास्क लावावा.

माती कणकेसारखी मळून, दोन सारख्या जाडीच्या पट्ट्यांमध्ये ठेवून लाटावी. लोलकासाठी दीड ते दोन मिलिमीटर जाडी पुरते. तिच्यावर पानाच्या शिरा किंवा लाकडी ठसा सुंदर उमटतो. भाजल्यावर मात्र वस्तू आक्रसते. आक्रस वीस टक्के असेल, तर 20 मिलिमीटरच्या लोलकासाठी 25 मिलिमीटरची चकती कापावी लागते. अंगठीचे माप काढण्याआधी आपल्या मातीची एक पट्टी भाजून, आक्रस स्वतः मोजावा.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वरचा थर भराभर सुकतो, आतला ओला राहतो आणि तडा जातो. म्हणून वस्तू सावलीत, अधूनमधून उलटत वाळवावी. भोके पाडणे आणि कडा घासणे याच टप्प्यावर उरकावे. भाजलेल्या तांब्यावर तेच काम कितीतरी कष्टाचे होते.

खरी परीक्षा भट्टीत. तिथे आधी हवा हवी असते, नंतर ती नको असते. पहिल्या भाजणीत, साधारण 300 अंश सेल्सिअसच्या आसपास, चिकट पदार्थ जळून जातो. तो आत उरला तर कण एकमेकांना चिकटत नाहीत. या टप्प्यात वस्तू काळी पडते, घाबरू नये. मग स्टीलच्या डब्यात सक्रिय कोळशाच्या थरात ती पुरून, झाकण लावून, 900 अंशांच्या वर काही तास तापवावी. कोळशातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड तांब्यावरच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो. तांबे 1085 अंशांना वितळते; इथे ते वितळत नाही, कणच एकमेकांत मिसळून एकसंध होतात. नेमके तापमान आणि वेळ मातीच्या पाकिटावर पाहावी. कार्बन मोनॉक्साइड विषारी आणि वासहीन असल्याने भट्टी बंद खोलीत कधीही चालवू नये.

सोबत भाजलेली चाचणीची पट्टी वाकवून पाहा. ती वाकली, तर भाजणी साधली. बिस्किटासारखी तुटली, तर कण जुळलेले नाहीत. वेळ किंवा तापमान कमी पडले. शेवटी पितळी ब्रशने घासून, चिंच-मिठाने उजळून घ्यावे. घामाने तांबे त्वचेवर हिरवट डाग सोडते, म्हणून अंगठीला आतून मेण किंवा लॅकर लावावे. कानातल्याची तार मात्र तांब्याची न घेता चांदीची घ्यावी.

पहिल्या भाजणीला महागडे, नाजूक नक्षीकाम ठेवू नका. चार साध्या पट्ट्या भाजा, वाकवा, मोजा आणि आकडे वहीत लिहून ठेवा; त्या नोंदींवरच तुमचा पहिला भरवशाचा दागिना घडेल.