बांधावरचीं खुरटीं झाडें आणि कुंडींतील वृक्ष

शहरांतील रोपवाटिकांत हल्लीं हातभर उंचीचा, जाड बुंध्याचा आणि पारंब्या सोडलेला कुंडींतील वड हजारों रुपयांस विकला जातो. आमच्या मंडळाचे एक सभासद असा वड पाहून आले व आम्हांस म्हणाले, "याच जातीचें झाड माझ्या विहिरीच्या दगडांत दर पावसाळ्यांत फुटतें आणि मी तें दरसाल छाटून टाकतों. मग इतकीं वर्षें मी रुपयेच छाटीत होतों कीं काय?" प्रश्न विनोदाचा होता, परंतु त्यांत तथ्य आहे, म्हणून प्रस्तुत अंकीं त्याचा विचार करीत आहों.

'बोन्साय' हा शब्द जपानी असून त्याचा अर्थ तबकांतील लागवड एवढाच आहे. कला मात्र मूळची चीनची. इ. स. ७०६ मध्यें बांधलेल्या तेथील एका राजपुत्राच्या थडग्याच्या भिंतीवर, रोपें लावलेलें तबक हातीं घेतलेले सेवक रंगविलेले आहेत. जपानांत डोंगरकड्यांवर वाऱ्यानें व बर्फानें खुरटलेलीं जुनीं झाडें खणून आणण्याची वहिवाट पडली. अशा झाडांस तिकडे 'यामादोरी' म्हणतात. आपल्याकडे बर्फाचें काम शेळ्या करतात.

वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. झाडाचा बुंधा पानांनीं तयार केलेल्या अन्नावर पोसतो. उथळ कुंडींत मुळें आणि पानें हीं दोन्हीं आखडून ठेवावीं लागतात, त्यामुळें बुंधा जाड होण्याचें काम तेथें जवळजवळ थांबतें. अर्थात् बाजारांत जी किंमत मोजावयाची ती कुंडीची थोडी, कारागिरीची थोडी, आणि बुंधा जमिनींत वाढत असतां गेलेल्या वर्षांची फार. शेतकऱ्याच्या बांधावर तीं वर्षें आधींच जमा झालेलीं असतात. त्यास नव्यानें खर्चावयाचा तो धीर. आणि तोच आम्हांस पहिल्यानें खर्चितां आला नाहीं.

आमच्या बांधावरची एक बोर आम्ही कित्येक वर्षें पाहात होतों. शेळ्यांनीं खाऊन खाऊन ती गुडघ्याच्या वर गेली नव्हती. पण बुंधा मनगटाहून जाड, व सालीस भेगा म्हाताऱ्या वृक्षाच्या. कार्तिकांत, ती पाल्यानें भरलेली असतांना, आम्हीं तिचें सोटमूळ पहारीच्या एका घावानें तोडलें आणि त्याच दिवशीं तिला कुंडींत बसविलें. पंधरा दिवसांत डोळे फुटले. आनंदाच्या भरांत आम्हीं कुंडी सावलींतून उन्हांत आणली, आणि महिन्याच्या आंत बोर वाळून काष्ठ झाली. उपटून पाहातों तों एकही नवें मूळ नाहीं! ती पालवी खोडांत सांठलेल्या अन्नावर फुटली होती. मुळांनीं तिला कांहींच पुरविलें नव्हतें. दुष्काळ आणि शेळ्या सोसून जें झाड उभें राहिलें होतें, तें आमच्या घाईनें मेलें.

यास्तव खोल सोटमूळ असलेलें झाड एका दमांत उचलूं नये. बुंध्यापासून वीतभर अंतरावर अर्ध्या वर्तुळांत चर खणून त्या बाजूचीं जाड मुळें करवतीनें कापावीं, आणि चर वाळू व कुजलेला पालापाचोळा यांनीं भरून ओला ठेवावा. कापल्या जागीं बारीक तंतुमुळें फुटतात. झाड जगतें तें यांच्यावर. दुसरी बाजू पुढील वर्षीं कापावी आणि झाड त्याच्याही पुढल्या वर्षीं उचलावें. बोरीस हीं कामें ती पानें गाळून विसाव्यांत असतां, म्हणजे चैत्र-वैशाखांत करावीं. वड, पिंपळ, उंबर व बोगनवेल यांचीं एवढीं आर्जवें करावीं लागत नाहींत. मृग लागतांना फांद्या आंखूड करून एकदम उचललीं तरी तीं बहुधा जगतात. जाड फांदीच्या घावावर बोर्डो मलम लावावें. १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना व १ लिटर पाणी एवढें मलम पुष्कळ झाडांस पुरतें. वडाचा चीक वाहून थांबल्यावर मगच तें लावावें. नंतर बुंध्याभोंवतीं ओलें गोणपाट गुंडाळून झाड दाट सावलींत ठेवावें, आणि नवी पालवी जून होऊन तिच्या मागून दुसरी पालवी येईपर्यंत त्यास हलवूं नये व खतही देऊं नये.

झाडें शोधण्यास रानांत जाण्याचें कारण नाहीं. राखीव वनांतून झाड काढणें १९२७ च्या वन कायद्यान्वयें गुन्हा आहे. चंदन, खैर, मोह, चिंच इत्यादि झाडें तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादींत असल्यामुळें स्वतःच्या शेतांतलीं असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. चिंच हवी असल्यास चिंचोका पेरावा. परंतु काढून टाकावयाचें मेंदीचें जुनें कुंपण, दारावर माजलेली बोगनवेल, परसांतील कुंती यांस कोणाची हरकत असणार? डाळिंबाची जुनी बाग मोडतांना निघणारे बुंधे फार सुरेख असतात. मात्र बाग तेल्या किंवा मर रोगामुळें मोडली असेल तर त्यांतील एकही बुंधा घरीं आणूं नये.

काळी माती कुंडींत निरुपयोगी. ती भिजली कीं फुगते, वाळली कीं भेगाळते आणि तंतुमुळें तोडते. विटांचे तुकडे ज्वारीच्या दाण्याएवढे कुटून, चाळून धूळ काढून टाकावी, व अशा दोन भागांस एक भाग जुनें कुजलेलें शेणखत मिळवावें. पहिलीं दोन-तीन वर्षें कुंडी विकत घेऊंच नये. बुडास भोंकें पाडलेलें जुनें घमेलें किंवा फळांची पेटी चालते. फांद्यांस वळण देण्यासाठीं जळालेल्या मोटारीच्या गुंडाळीची तांब्याची तार भंगाराच्या भावानें मिळते. बारीक असल्यास दोन-तीन पदर एकत्र पिळावे. वडास पावसाळ्यांत तार लवकर रुतते, म्हणून आठवड्यास पाहावें. दगड बांधून फांदी खालीं ओढली तर एवढीही यातायात नाहीं.

अशा झाडांस गिऱ्हाईक मिळतें, परंतु त्या भरंवशावर कोणीं पीक कमी करूं नये.

आमच्या सभासदांनीं विहिरींतला वड गेल्या मृगांत काढला. त्यासाठीं एक दगड निखळवावा लागला. ती जागा त्यांनीं लागलीच सिमेंटानें बुजविली, नाहींतर राहिलेलें मूळ तेथून पुन्हा फुटलें असतें. दोन दगडांच्या सांध्यांत वाढून त्या वडाचें एक मूळ पट्टीसारखें चपटें झालें आहे, आणि आमच्या मतें झाडाची सारी शोभा त्यांतच आहे. हल्लीं तो गोठ्यामागें एका फुटक्या घमेल्यांत असून त्यास तीन धुमारे आहेत. तबकांत केव्हां बसवूं, म्हणून ते दर पंधरवड्यास विचारतात. यंदा नाहीं, असें आम्हीं त्यांस कळविलें आहे.