पितळी उंबरठ्यापासून अलकनंदेपर्यंत

नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला संध्याकाळी पाचच्या सुमाराला कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली पावलं मिरजकर तिकटीवरून अंबाबाईच्या देवळाकडं वळू लागतात. किरणोत्सवाचे दिवस असतात. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात, कासव चौकातून पितळी उंबरठा गाठतात आणि गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी देवीचे चरण, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम सांगितला जातो. पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत हेच घडतं. २१ डिसेंबरच्या सुमारे सहा आठवडे आधी आणि तितकेच नंतर सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो, म्हणून वर्षातून दोनदा.

हात जोडून उभ्या राहिलेल्या गर्दीत लक्समीटर घेतलेले अभ्यासकही असतात. किरणं किती वाजता कुठवर आली, तीव्रता किती भरली, हवेत आर्द्रता किती होती, याची ते नोंद ठेवतात. एखाद्या वर्षी किरणं गुडघ्यापर्यंत येतात आणि विरतात. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कारणं छापून येतात : ढग, धूळ, दमट हवा, वाटेत आलेलं बांधकाम.

किरणाला वाटेत काय काय भेटलं, हे त्या किरणावरूनच ओळखायचं असा हा प्रकार आहे. अवकाशात पाठवलेली आजवरची सर्वांत मोठी दुर्बीण, जेम्स वेब, २०२२पासून नेमकं हेच करते आहे. फक्त तिच्याकडं येणारी किरणं सव्वाआठ मिनिटांपूर्वी सूर्यावरून निघालेली नसतात. त्यातली काही पृथ्वी जन्मण्याआधी निघालेली आहेत.

पाच तोळ्यांची दुर्बीण

गाभाऱ्यातल्या किरणाला जो त्रास, तोच जमिनीवरच्या दुर्बिणींना. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण हवेतली वाफ मोठ्या प्रमाणात शोषून घेते. शिवाय पृथ्वी आणि तिची हवा स्वतः उबदार असल्यानं त्याच किरणांत उजळत असते. दिवसाढवळ्या काजवा शोधण्यासारखं हे काम. म्हणून २५ डिसेंबर २०२१ रोजी वेबला हवेच्या पार पाठवलं गेलं. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्या चौपट अंतरावर तिचं ठाणं आहे.

देवळात आपण सूर्याची वाट बघतो, वेब त्याच्याकडं कायमची पाठ करून बसली आहे. टेनिस कोर्टाएवढी, पाच पदरी छत्री तिनं उघडून धरली आहे. छत्रीच्या उन्हाकडच्या अंगाला तापमान ८५ अंश सेल्सिअसपर्यंत जातं, तर सावलीत उणे २३३च्या आसपास राहतं. आरसा साडेसहा मीटर व्यासाचा, बेरिलियम धातूच्या १८ षटकोनी तुकड्यांचा. त्यावर सोन्याचा मुलामा, कारण अवरक्त किरण परतवण्यात सोनं फार सरस. एवढ्या मोठ्या आरशाला सोनं लागलं किती, तर जेमतेम ४८ ग्रॅम. गुजरीतल्या सराफांच्या भाषेत सांगायचं तर पाच तोळे पण भरत नाही.

तालमीतलं दहा वर्षांचं पोरगं

याच आरशानं टिपलेल्या चित्रांत पुण्यातल्या दोन संशोधकांना एक दीर्घिका सापडली. गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात पीएच.डी. करणाऱ्या राशी जैन आणि त्यांचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर यांनी तिचं नाव ठेवलं अलकनंदा. हिमालयात अलकनंदा आणि मंदाकिनी या बहिणी-बहिणी नद्या. मंदाकिनी हे आपल्या आकाशगंगेचं हिंदीतलं नाव, म्हणून तिच्यासारखी दिसणारी ही दूरची बहीण अलकनंदा. नोव्हेंबर २०२५मध्ये ‘ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स’ या युरोपीय नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झालं.

तिचा प्रकाश आपल्याकडं यायला सुमारे १,२०० कोटी वर्षं लागली. तो निघाला तेव्हा विश्वाचं वय होतं १५० कोटी वर्षं, आज ते १,३८० कोटी आहे. वाटेत त्या प्रकाशाला दोन गोष्टी भेटल्या. पहिली म्हणजे पसरत जाणारं विश्व. त्यानं किरणाची तरंगलांबी पाचपट ताणली. तिथून ५०० नॅनोमीटरचा हिरवा म्हणून निघालेला किरण इथं अडीच हजार नॅनोमीटरचा अवरक्त होऊन पोचतो. वेबचे डोळे अवरक्ताचे का, याचं उत्तर इथं आहे. दुसरी गोष्ट म्हणजे एबेल २७४४ हा दीर्घिकांचा प्रचंड समूह. त्याच्या गुरुत्वाकर्षणानं किरणं वळवली आणि मागची अलकनंदा भिंगातून पाहावी तशी अधिक उजळ दिसली. तब्बल २१ वेगवेगळ्या गाळण्यांतून घेतलेल्या चित्रांमुळं तिचं अंतर, वय आणि वजन काढता आलं.

अलकनंदेचा व्यास सुमारे ३०,००० प्रकाशवर्षं. तिच्यातल्या ताऱ्यांचं वजन साधारण १,००० कोटी सूर्यांएवढं. दरवर्षी ६० सूर्य घडतील इतक्या वायूचे तिथं नवे तारे बनतात. आपल्या आकाशगंगेपेक्षा हा वेग वीसेक पट. नवल मात्र या आकड्यांहून तिच्या रूपाचं आहे : मध्ये फुगीर गाभा आणि दोन्ही बाजूंना रेखीव सर्पिल भुजा. इतक्या कोवळ्या वयात दीर्घिका वेड्यावाकड्या, गोळे गोळे असतात, अशी समजूत होती. विश्वाचं आजचं वय नव्वदीच्या आजोबांएवढं धरलं, तर अलकनंदेच्या वेळी ते जेमतेम दहा वर्षांचं होतं. दहा वर्षांचं पोरगं पहिल्यांदा खासबागच्या कुस्ती मैदानातल्या हौद्यात उतरावं आणि त्यानं मुरलेल्या मल्लासारखा डाव टाकावा, तसं काहीसं हे झालं.

मग महास्फोटाचा सिद्धान्तच चुकला का? कोल्हापुरात हा प्रश्न हमखास येतो, कारण त्या सिद्धान्ताला आयुष्यभर प्रश्न विचारणारे जयंत नारळीकर १९ जुलै १९३८ रोजी याच गावात जन्मले. २० मे २०२५ रोजी ते गेले, आणि सहा महिन्यांनी अलकनंदेची बातमी आली. पण अलकनंदेमुळं महास्फोट खोटा ठरत नाही. दीर्घिका किती झपाट्यानं जमतात आणि स्थिरावतात, याचं आपलं गणित कच्चं होतं, एवढंच ठरतं. ते पक्कं करण्यासाठी त्या दीर्घिकेतला वायू फिरतो कसा, हे आता मोजावं लागेल.

साजातलं सोनं

नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉईल यांनी सहकाऱ्यांसोबत १९५७मध्ये दाखवून दिलं, की कार्बनपासून लोखंडापर्यंतची आणि त्यापुढचीही मूलद्रव्यं ताऱ्यांत शिजतात. तारा मरताना तो शिधा अवकाशात वाटून जातो. वेबच्या पहिल्याच चित्रसंचात असा एक मरता तारा होता : दोन हजारांहून अधिक प्रकाशवर्षांवरचा ‘सदर्न रिंग’ तेजोमेघ. मधोमध दोन तारे. जुन्या चित्रांत एकच ठळक दिसायचा. हजारो वर्षं वायूची कडी फेकणारा खरा मरणपंथी तारा दुसराच निघाला, आणि तो धुळीत गुरफटलेला आहे हे वेबनं पहिल्यांदा दाखवलं.

सोन्याची गोष्ट आणखी हिंसक आहे. ७ मार्च २०२३ रोजी गॅमा किरणांचा एक प्रचंड लोळ दिसला. दोन मृत ताऱ्यांचे गोळे, न्यूट्रॉन तारे, एकमेकांवर आदळल्याची ती खूण असावी, असं संशोधकांचं म्हणणं आहे. वेबनं त्या जागेचा प्रकाश उलगडला तेव्हा त्यात टेल्युरियम या जड मूलद्रव्याची छाप आढळली. सोनंही अशाच टकरींत घडतं, असं मानलं जातं. म्हणजे वेबच्या आरशावरचा मुलामा आणि आजीच्या पेटीतला कोल्हापुरी साज यांचं माहेर बहुधा एकच.

परक्या ग्रहाची हवा

मावळतीचा किरण तांबूस का होतो? हवेच्या जाड थरातून येताना त्यातला निळा भाग वाटेत विखुरतो. म्हणजे गाभाऱ्यातला तो रंग हाच आपल्या हवेचा दाखला. परग्रहांच्या बाबतीत हीच युक्ती वापरतात. ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून येतो. प्रत्येक वायू आपापले ठरावीक रंग खातो. कुठले रंग कमी पडले ते बघायचं आणि वायू ओळखायचा. मोजणी मात्र जिवावरची : गुरूएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्याचा एक टक्का प्रकाश अडवतो, आणि त्यातला हवेचा वाटा टक्क्याच्या काही शतांशांएवढा.

या रीतीनं २०२२मध्ये सुमारे ७०० प्रकाशवर्षांवरच्या वास्प-३९बी या वायुग्रहावर कार्बन डायऑक्साइडचा पहिला स्पष्ट पुरावा मिळाला. पुढं १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहावर मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड सापडला. एप्रिल २०२५मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या चमूनं तिथं डायमिथिल सल्फाइडची चाहूल लागल्याचं सांगितलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव सोडतात, त्यामुळं ‘जीवसृष्टी सापडली’ असे मथळे झळकले. पण तो पुरावा शास्त्रज्ञ शोध म्हणून मान्य करतात त्या पातळीचा नव्हता. इतर गटांनी तीच निरीक्षणं तपासली, तेव्हा दावा टिकेना. किरणं चरणांपर्यंत आली होती, मुखापर्यंत पोचल्याचं सांगणं घाईचं ठरलं.

अलकनंदा ज्या चित्रांत सापडली, ती चित्रं कुणाच्या खासगी कपाटात नव्हती. वेबची निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर, काही तर लगेच, साऱ्या जगाला फुकट खुली होतात. पुण्यातल्या विद्यार्थिनीनं जी बघितली, ती मंगळवार पेठेतल्या पोरीलाही आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेता येतात. गाळण्या, तरंगलांबी, थोडं संगणकाचं काम हे सगळं शिकता येतं. गरुड मंडपात लक्समीटर धरून उभं राहणाऱ्या गावाला प्रकाश मोजणं नवं नाही. महाविद्यालयांनी आता पोरांना पुढची पायरी दाखवावी.