ध्रुव ताऱ्याचा लपलेला जोडीदार



रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी देताना दारे धरून उभे राहिले, की नजर सहज उत्तरेकडे जाते. बाकीचे तारे सरकत असतात, ध्रुव मात्र जागेवरच. म्हणून आपण त्याला अढळ म्हणतो आणि एकटाही समजतो. पण तो एकटा नाही.

त्याचा लांबचा एक साथी विल्यम हर्शेल यांनी १७७९ साली दुर्बिणीतून पाहिला होता. दुसरा साथी मात्र ध्रुवाला अगदी खेटून आहे आणि त्याच्यापेक्षा शंभर पटींहून अधिक मंद आहे. पेटलेल्या गॅसबत्तीशेजारी काजवा बसला, तर तो दुसऱ्या गावाहून दिसेल काय? तशीच ही गत. २००५ साली हबल या अवकाशातील दुर्बिणीने त्याचे चित्र प्रथम टिपले. पण तो ध्रुवाभोवती कसा फिरतो हे नेमके कळायला याहून बारीक नजर हवी होती.

आरसा जितका रुंद, तितकी दुर्बिणीची नजर बारीक. पण शेकडो मीटर रुंदीचा आरसा घडवणार कोण? यावर शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. विहिरीच्या शांत पाण्यात दोन खडे टाकून पाहा. दोन्हीकडच्या लाटा भेटतात, तेथे कुठे पाणी दुप्पट उसळते, तर कुठे सपाट राहते. प्रकाशही लाटांचाच असतो. एकाच ताऱ्याचा प्रकाश दूर दूर ठेवलेल्या दोन दुर्बिणींनी धरायचा, दोन्ही वाटांची लांबी केसाच्या जाडीहूनही बारीक मापाने सारखी करायची आणि तो एकत्र आणायचा. मग उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. शेजारी साथी असेल तर त्याचे पट्टे किंचित सरकून उमटतात आणि मूळचे पट्टे जरासे फिकट होतात. दुर्बिणींमधले अंतर आणि दिशा बदलली, की हा फिकटपणा कमी-जास्त होतो. त्यावरून साथी किती दूर आणि कोणत्या बाजूला आहे, ते गणिताने निघते. दुधातले पाणी डोळ्यांना दिसत नाही, पण लॅक्टोमीटर सांगतोच ना? तसेच हे.

ही विद्या नवी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन डोंगरावर मायकेल्सन यांच्या या पद्धतीने अँडरसन यांनी १९२० च्या सुमारास ब्रह्महृदय ताऱ्याची जोडी मोजली होती. आज त्याच डोंगरावर 'चारा' नावाच्या सहा दुर्बिणी आहेत. (नाव ऐकून गोठा आठवला तर हसू नका!) प्रत्येकीचा आरसा एक मीटरचा, पण त्या पसरल्या आहेत सुमारे ३३० मीटरपर्यंत. २०१६ ते २०२१ या काळात त्यांनी ध्रुवाच्या या साथीवर नजर ठेवली. निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. हा साथी सुमारे तीस वर्षांत एक फेरी पुरी करतो.

इतका खटाटोप कशासाठी? मायलेकींची फुगडी आठवा. आई जागच्या जागी थोडीशीच फिरते, पोर मोठा घेर घेते. दोघींच्या घेरावरून आणि वेगावरून कोण किती वजनदार, ते सांगता येते. ताऱ्याला तराजूत घालता येत नाही. जोडीदार हाच त्याचा तराजू. या तराजूने ध्रुव सूर्याच्या सुमारे पाचपट वजनाचा आणि रुंदीला सेहेचाळीसपट निघाला.

आणि ध्रुव साधासुधा तारा नव्हे. सुमारे चार दिवसांत एकदा तो फुगतो व आक्रसतो. अशा ताऱ्यांच्या लयीवरून शास्त्रज्ञ दूरच्या आकाशगंगांची अंतरे मोजतात. मोजणीदाराची साखळी खोटी असली तर गावातला एकही बांध जागेवर राहत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून साखळीची कडी न् कडी तपासून घ्यावी लागते.

आज रात्री पाण्याची पाळी असेल, तर पोरांनाही बांधावर न्या आणि त्यांना ध्रुव दाखवा. त्याचा जोडीदार दिसणार नाही, पण तो आहे आणि तो कसा सापडला, एवढे मात्र त्यांना जरूर सांगा.