सरदाराच्या चालीने : नेपाळमधील पदभ्रमणाची साठ वर्षे

नेपाळच्या खुंबू खोऱ्यात केवळ चालण्यासाठी आणि पाहण्यासाठी, कोणतेही शिखर सर करण्याचा संकल्प न बाळगता, पैसे मोजून गेलेली पहिली संघटित तुकडी तीन अमेरिकन स्त्रियांची होती आणि ती १९६५ साली गेली, ही गोष्ट गिर्यारोहणाच्या इतिहासात जेमतेम एखाद्या ओळीपुरती येते. परंतु त्यानंतरच्या साठ वर्षांत ज्या असंख्य सामान्य माणसांनी आपल्या वर्षभराच्या रजेतील दोनतीन आठवडे हिमालयाच्या पायवाटांना वाहिले, त्यांच्या अनुभवांचा उगम शोधू गेल्यास एव्हरेस्टच्या माथ्याशी नव्हे, तर या तीन स्त्रियांच्या तंबूपाशीच पोहोचावे लागते.

त्यांच्या प्रवासाची तजवीज करणारे लेफ्टनंट कर्नल जेम्स रॉबर्ट्स हे गुरखा पलटणीत उमेदीची वर्षे घालविलेले अधिकारी होते. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी प्राणवायूच्या नळकांड्यांची मागाहून आलेली खेप डोंगरापर्यंत सुखरूप नेण्याची कामगिरी त्यांच्याकडे होती. १९५७ साली माछापुच्छ्रेवर गेलेल्या आणि स्थानिकांच्या श्रद्धेला मान देऊन अखेरचा माथा न तुडविता परतलेल्या मोहिमेचे ते नेते होते. आणि पुढे काठमांडूच्या ब्रिटिश वकिलातीत लष्करी अधिकारी म्हणून राहिल्यावर, १९६४ साली, त्यांनी ‘माउंटन ट्रॅव्हल’ ही संस्था स्थापिली. त्यांची कल्पना सांगावयास साधी होती. शिखरमोहिमांसाठी पिढी दीड पिढीत सिद्ध झालेली जी व्यवस्था, म्हणजे सर्वांवर देखरेख ठेवणारा सरदार, त्याच्या हाताखालचे शेर्पा, स्वयंपाकी, शिधा आणि तंबू वाहणारे भरिये, ती सगळीच्या सगळी एखाद्या शिक्षिकेच्या किंवा निवृत्त वकिलाच्या दिमतीस द्यावयाची. पहाटे तंबूच्या दाराशी चहाचा पेला यावा, मागोमाग तोंड धुण्यास ऊन पाण्याची घंगाळी यावी, आणि दिवसाची मजल पाचसहा तासांहून सहसा अधिक नसावी, हा जो दिनक्रम त्या काळी पडला, तो अनेक वर्षे जवळजवळ तसाच चालत आला.

या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची वस्तू मात्र चहा नव्हती आणि तंबूही नव्हता. ती सरदाराची चाल होती. त्या पहिल्या वर्षांत काठमांडूच्या खोऱ्यातून खुंबूतील नामचे बाजारास पोहोचण्यास सुमारे दोन आठवडे लागत, कारण वाट नद्यांना आडवी छेदत जाई आणि म्हणून सकाळी मिळविलेली उंची संध्याकाळी गमवावी लागे. तामांगांची गावे, लामजुरा खिंडीतील ऱ्होडोडेंड्रॉनची राने, आणि मग राई लोकांच्या भातखाचरांच्या उतरंडी व दूधकोसीचा धवल प्रवाह असा तो क्रम होता. प्रवासी उतावीळ झाला तरी सरदार उतावीळ होत नसे. आणि ज्या चढउतारांना थकलेला पाहुणा मनातल्या मनात दूषणे देई, त्याच चढउतारांनी त्याचे रक्त आणि त्याची फुप्फुसे विरळ हवेसाठी हळूहळू तयार होत असत. शरीरावर होत असलेला हा उपकार त्या वेळी फारच थोड्यांना ठाऊक होता.

ज्या १९६४ साली रॉबर्ट्स यांनी संस्था काढली, त्याच साली एडमंड हिलरी यांनी लुकला येथे, सुमारे २,८६० मीटर उंचीवर, शेर्पांच्या शेतजमिनीवर विमानांसाठी एक उतरती धावपट्टी करविली. त्यांचा हेतू अत्यंत उदार होता. १९६१ साली खुमजुंगला त्यांच्या साहाय्याने शाळा उभी राहिली होती, आणि खुंदे येथे १९६६ साली रुग्णालय सुरू व्हावयाचे होते. त्यांसाठी लागणारे सामान पाठीवरून आणणे दुष्कर होते. परंतु वाट एकदा झाली की तिच्यावरून कोणी चालावे हे वाट करणाऱ्याच्या हाती राहत नाही. औषधांच्या पेट्यांमागोमाग प्रवासी आले. दोन आठवड्यांची पायपीट चाळीस मिनिटांच्या उड्डाणात सामावली, आणि ज्याला कार्यालयाने तीन आठवड्यांहून अधिक रजा दिली नसती अशा माणसालाही एव्हरेस्टचा पायथा साध्य झाला. हा लाभ लहान नव्हता, आणि त्याची अवहेलना करणे अन्यायाचे होईल. परंतु त्याची किंमतही लवकरच दिसू लागली.

१९७३ साली हिमालयन रेस्क्यू असोसिएशन स्थापन झाली आणि फेरिचे येथे, ४,२०० मीटरांहून किंचित अधिक उंचीवर, तिचे उपचारकेंद्र उभे राहिले. तेथून वर जाणाऱ्या २७८ प्रवाशांची पाहणी करून पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी यांनी १९७६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांपैकी ५३ टक्के लोकांना उंचीच्या विकाराची लक्षणे असल्याचे नमूद आहे. आणि विमानाने लुकलास उतरलेल्यांत हे प्रमाण पायी आलेल्यांपेक्षा अधिक होते. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळावर, ५,३६४ मीटरांवर, प्रत्येक श्वासागणिक समुद्रकाठच्या मानाने सुमारे अर्धाच प्राणवायू मिळतो. शरीर ही उणीव भरून काढते, परंतु त्याला दिवस द्यावे लागतात. ते न दिल्यास प्रथम डोके दुखते, अन्नावरची वासना उडते, झोप येत नाही. आणि तरीही वर जात राहिल्यास फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचून एकदोन दिवसांत धडधाकट माणूस दगावतो. खात्रीचा उपाय पूर्वीपासून एकच आहे, आणि तो खाली उतरण्याचा. आपल्या सैन्यातील डॉक्टरांनी १९६२ नंतर सरहद्दीवरील जवानांच्या बाबतीत हेच दुःख जवळून पाहिले होते, आणि त्यांची त्या विषयावरील निरीक्षणे जगभर मान्यता पावली.

या मागोव्यात मला सर्वाधिक अस्वस्थ करणारा पुरावा याच्या पुढचा आहे. काठमांडूत राहून प्रवाशांची सेवा करणारे डॉक्टर डेव्हिड श्लिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९९१ या काळातील मृत्यूंची छाननी केली, तेव्हा एक विलक्षण विसंगती समोर आली : संघटित तुकड्यांतून जाणारे प्रवासी एकूण प्रवाशांच्या सुमारे ४० टक्के असताना, उंचीच्या विकाराने झालेले ८० टक्के मृत्यू त्यांच्यातलेच होते. ज्यांच्याबरोबर वाटाड्या होता, स्वयंपाकी होता, पुष्कळदा औषधांची पेटीही होती, तेच अधिक संख्येने मेले. आणि पाठीवर पिशवी टाकून एकटेदुकटे हिंडणारे मात्र, डोके दुखू लागताच एखाद्या घरात दोन दिवस पडून राहून, निभावून गेले.

याचे कारण वाटाड्याच्या अज्ञानात शोधणे उतावळेपणाचे होय. ते कारण कागदावर आहे. जी सफर सहा महिने आधी छापील पत्रकातून विकली गेली, जिच्यातील प्रत्येक मुक्काम तारखेनिशी ठरला, जिच्या परतीच्या विमानाचे तिकीट खिशात आहे, तिच्यात एका माणसाच्या डोकेदुखीला जागा उरत नाही. बारा जणांच्या तुकडीत आपल्यामुळे अकरांचा खोळंबा होईल ही भीती माणसाला मुकी करते. ज्याने आयुष्यभराची हौस म्हणून शिलकीतील रक्कम काढली, तो सकाळी सरदाराने विचारल्यावर ‘झोप छान लागली’ असेच सांगतो. आणि सरदारही, ज्याची पुढील हंगामातील नेमणूक पाहुण्यांच्या समाधानावर अवलंबून आहे, त्या उत्तरावर विश्वास ठेवणे पसंत करतो. प्रवाशांच्या कथनांतून हे लपविणे वारंवार आढळते, आणि त्यांना ढोंगी म्हणण्याचे धैर्य मला होत नाही, कारण सोबत्यांविषयीची ही भीड स्वभावतः सद्गुणच आहे. म्हणून दोष कार्यक्रम आखणाऱ्याकडे जातो. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज तीनशे ते पाचशे मीटरांहून अधिक चढू नये, आणि दर तीनचार दिवसांनी एक मुक्काम दोन रात्रींचा असावा, हा नियम आता सर्वश्रुत आहे. त्याचे पालन करणाऱ्या सफरीही पुष्कळ आहेत. परंतु जी सफर दोन दिवस कमी करून स्वस्त होते, ती ते दोन दिवस कुठून काढते, हे ग्राहक विचारीत नाही.

आणि ज्याच्या पाठीवर ही सगळी व्यवस्था उभी, त्या भरियाची हकिकत तर प्रवासवर्णनांत पहिली अनेक वर्षे जवळजवळ आलीच नाही. पाहुण्यांच्या नोंदींत तो हसतमुख असतो, अनवाणी असतो, संध्याकाळी गाणे म्हणतो. तो प्रायः शेर्पा नसतो, खालच्या खोऱ्यांतील राई, तामांग किंवा मगर शेतकरी असतो, आणि म्हणून उंच हवेची त्याला पाहुण्याइतकीच बाधा होते, हे वाचकाच्या ध्यानीही येत नसे. डोको नावाची बांबूची पाटी आणि कपाळावरून घेतलेला नाम्लो एवढ्या साधनांवर हे लोक काय वाहतात, त्याचे मोजमाप नामचे बाजाराच्या वाटेवर माल नेणाऱ्या भरियांच्या बाबतीत झाले आणि २००५ साली ‘सायन्स’ मध्ये प्रसिद्ध झाले : पुरुषांचे ओझे सरासरीने त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के होते, स्त्रियांचे ६६ टक्के. प्रवासी तुकड्यांत आता तीस किलोंची मर्यादा पुष्कळ ठिकाणी मानतात. भरियांच्या स्थितीकडे लक्ष वेधले ते १९९७ सालच्या एका मृत्यूने. आजारी पडलेल्या एका तरुण भरियाला तुकडीने वाऱ्यावर सोडले आणि तो वारला. त्या धक्क्यातून त्याच वर्षी भरियांच्या संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ निर्माण झाले. त्याने मागितले ते फार नव्हते : थंडीचे कपडे, रात्री डोक्यावर छप्पर, आजारात पाहुण्यास मिळतो तोच उपचार, आणि आजारी माणसास एकट्याने खाली धाडू नये. साध्या माणुसकीच्या या चार कलमांसाठी बत्तीस वर्षे जावी लागली, याचा खेद या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने बाळगावा असे मला वाटते.

पुढील काळाचा वृत्तांत थोडक्यात सांगता येतो. वाटेवरच्या घरांची चहाघरे झाली, चहाघरांची निवासगृहे झाली, आणि तंबूंची प्रथा मागे पडली. त्यामुळे पैसा काठमांडूत न अडकता काही अंशी वाटेवरच्या कुटुंबांच्या हाती गेला, आणि प्रवाशालाही यजमानांच्या चुलीशी बसून डाळभात जेवण्याचे भाग्य लाभले. १९७६ साली सगरमाथा राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली अन्नपूर्णा परिसरास संरक्षण मिळाले. १९९६ ते २००६ या यादवीच्या दशकाच्या उत्तरार्धात परदेशी पाहुणे घटले आणि नंतर पुन्हा वाढले.

नैसर्गिक कोपांपैकी ऑक्टोबर २०१४ मधील अन्नपूर्णा परिसरातल्या थोरुंग खिंडीचा प्रसंग या विषयाशी निकटचा आहे. बंगालच्या उपसागरातील ‘हुदहुद’ वादळाचे अवशेष हिमालयापर्यंत पोहोचून ५,४१६ मीटर उंचीच्या त्या खिंडीवर हंगामाच्या ऐन भरात प्रचंड हिम कोसळले, आणि त्या परिसरात किमान ४३ माणसे मृत्यू पावली. वादळाचा अंदाज आधी वर्तविला गेला होता. तो वाटेवरच्या निवासगृहांपर्यंत पोहोचविण्याची यंत्रणा नव्हती. पुढच्याच एप्रिलमध्ये भूकंप झाला, आणि लांगटांग हे परतणाऱ्या प्रवाशांच्या आठवणीतील आतिथ्यशील गाव दरडीखाली गाडले गेले. त्या गावात पूर्वी मुक्काम केलेल्या कित्येक परदेशी माणसांनी पुढे वर्षानुवर्षे तेथील वाचलेल्यांस मदत पाठविली. दोन रात्रींच्या ओळखीतून एवढे ऋण मानणारी माणसे या प्रवासाने घडविली, ही त्याची जमेची बाजू मी फार वरच्या स्थानी मांडतो.

आपल्या महाराष्ट्रातून खुंबूस जाणाऱ्यांचा ओघ गेल्या पंधरावीस वर्षांत विशेष वाढला. २०१२ साली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोहोचले, तेव्हापासून तर पायथ्यापर्यंत तरी जाऊन यावे ही आकांक्षा मध्यमवर्गीय घरांत सहज बोलली जाऊ लागली. सह्याद्रीत वाढलेला हा प्रवासी पायाने कणखर असतो. राजगड आणि हरिश्चंद्रगड त्याने पावसाळ्यात पालथे घातलेले असतात. परंतु कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरांवर संपतो, आणि लुकला त्याच्याही हजार मीटरांहून वर आहे. पायांच्या बळाचा आणि विरळ हवा सोसण्याच्या शक्तीचा संबंध फार थोडा, आणि तरुण, चपळ, पुढे पुढे धावणारा माणूसच पुष्कळदा आधी कोसळतो. गडांवरील कमाईवर विसंबणाऱ्या आपल्या मंडळींना ही गोष्ट निघण्यापूर्वी ठासून सांगितली पाहिजे.

अलीकडे या व्यवस्थेत एक नवे दूषण शिरले. २०१८ साली नेपाळ सरकारच्या चौकशीत असे निष्पन्न झाले की विमा उतरविलेल्या प्रवाशांना किरकोळ दुखण्यावरूनही हेलिकॉप्टरने खाली आणून विमा कंपन्यांकडून फुगविलेल्या रकमा उकळल्या जात होत्या. ज्या हेलिकॉप्टरने अनेकांचे प्राण वाचविले त्याच्याविषयीच संशय निर्माण व्हावा, हे खऱ्या रुग्णाच्या दृष्टीने मोठे अनिष्ट होय. मग १ एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रिकाने परवानाधारक मार्गदर्शकाविना जाऊ नये असा हुकूम निघाला. खुंबूच्या स्थानिक पालिकेने तो आपल्या हद्दीत लागू करण्याचे नाकारले. एकट्याने हरवणाऱ्यांचा विचार त्या हुकुमात आहे. मुक्काम किती असावेत याविषयी त्यात काही नाही, आणि म्हणून तो विचार आजही प्रवाशालाच करावा लागतो.

तेव्हा पुण्यात किंवा ठाण्यात ज्यांच्या हाती अशा सफरीचे पत्रक येईल, त्यांनी किमतीचा आकडा पाहण्यापूर्वी रात्री मोजाव्यात. नामचेत दोन रात्री आहेत काय, दिंगबोचेत दोन आहेत काय, परतीच्या विमानापूर्वी काठमांडूत एकदोन मोकळे दिवस ठेवले आहेत काय, एखादा आजारी पडल्यास त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार आणि उरलेल्यांस कोण नेणार, भरियांची संख्या किती आणि त्यांच्या विम्याचे काय, हे प्रश्न त्यांनी आयोजकास लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखीच मागावे.