रक्तबिंबिका आणि मोडलेले हाड

हाड मोडले की भग्नस्थानी प्रथम रक्त साखळते, आणि त्या साखळलेल्या रक्तातील रक्तबिंबिका, ज्यांना आपण प्लेटलेट म्हणतो, आपल्या अंतरंगातील सूक्ष्म कणिकांतून वृद्धिकारक प्रथिने मोकळी करून अस्थिपेशींना व नव्या रक्तवाहिन्यांना तेथे पाचारण करतात. रुग्णाचेच रक्त यंत्रात वेगाने फिरवून या रक्तबिंबिकांचा संपृक्त अंश वेगळा काढावा आणि तो भंगाच्या जागी सोडावा, ही तजवीज कोणाही शल्यविशारदास मोह पाडील अशीच होती. कारण वृद्धांच्या मांडीच्या हाडाची मान मोडली असता तेथील रक्तपुरवठाच अनेकदा खंडित होतो आणि स्क्रूंनी जखडलेले हाडही पुष्कळदा सांधत नाही.

वॉरिक विद्यापीठाच्या झेवियर ग्रिफिन व सहकाऱ्यांनी या आशेची रीतसर परीक्षा घेतली, हे मला फार मोलाचे वाटते. असाच अस्थिभंग झालेले 65 व त्याहून अधिक वयाचे 200 रुग्ण त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटास स्क्रूंबरोबर हा द्रव दिला, दुसऱ्यास केवळ स्क्रू, आणि आपला गट कोणता हे रुग्णांस कळू दिले नाही. 2013 साली निकाल प्रसिद्ध झाला: वर्षभरात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याच्या प्रमाणात निर्णायक फरक आढळला नाही. आदल्याच वर्षी लांब हाडांवरील याच उपायाचे उपलब्ध पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन समीक्षेत निकषांस उतरलेला अभ्यास एकच, तोही अवघ्या 21 जणांचा, सापडला होता. तेव्हा मोडलेल्या हाडावर हा उपाय कोणी सुचविल्यास त्यास पुराव्याचा आधार कोणता, हे वाचकांनी डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.