पायावर लाल-निळ्या रेघा? मासेमारी बंदीत दाखवून घ्या

मंडळी, जाळं ओढताना, ट्रॉलरवर मासळी निवडताना, बाजारात माल विकताना आपण तासन्‌तास उभे असतो. संध्याकाळी पाय जड होतात. मग कधीतरी मांडीवर, घोट्याजवळ बारीक लाल-निळ्या रेघा दिसतात. यांना स्पायडर व्हेन्स म्हणतात, म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा. (कोळी भिंतीवरचा, आपण नव्हे!)

हे होतं कसं? पायातलं रक्त वर चढताना परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. चालताना पोटरी पंपासारखं काम करते. एका जागी उभं राहिलं की पंप थांबतो. झडपा सैल झाल्या की रक्त साचतं, शिरा फुगतात. घराण्यात असेल, बाळंतपणं झाली असतील, वजन किंवा वय वाढलं असेल तर शक्यता जास्त.

घाबरायचं का? १ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघांनी सहसा धोका नसतो. पण दोरीसारख्या फुगलेल्या शिरा, घोट्याजवळ काळी पडलेली कातडी, न भरणारी जखम असेल तर डॉक्टर डॉपलर सोनोग्राफी करायला सांगतील. ती टाळू नका.

उपाय काय?
• घट्ट मोजे (कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज): माप सकाळी, सूज नसताना द्या. मधुमेह असेल किंवा विडी-सिगारेट ओढत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.
• स्क्लेरोथेरपी: बारीक सुईने शिरेत औषध देतात, ती शीर हळूहळू पुसट होते. बहुतेकदा एकाहून जास्त वेळा जावं लागतं. गरोदरपणात करत नाहीत.
• लेझर: अगदी बारीक रेघांसाठी त्वचेवरून. मोठ्या शिरा आतून लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने बंद करतात.

उपचारानंतर काही दिवस मोजे घालावे लागतात, जड ओझं उचलायचं नसतं. हंगामात हे कसं जमणार? म्हणून १ जून ते ३१ जुलैची बंदी हीच योग्य वेळ.

तोवर कामात मधेमधे टाचा वर-खाली करा, रात्री पायाखाली उशी घ्या.

लक्षात ठेवा: शीर फुटून रक्त आलं तर आडवं व्हा, पाय वर करा, स्वच्छ फडक्याने १० मिनिटं दाबून धरा आणि दवाखाना गाठा. एकच पाय अचानक सुजून दुखला तर चोळू नका, त्याच दिवशी इस्पितळात जा. बोट थांबेल, पाय थांबता कामा नये.