सिकलसेल आणि एक बंद करणारं प्रथिन

भिवापूरची मिरची सगळ्यांना ठाऊक; पण सिकलसेल हा शब्दही आपल्या विदर्भाला नवा नाही. या आजाराचं बाळ पहिले काही महिने ठीक असतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन त्याला सांभाळतं. पुढे बीसीएल११ए हे प्रथिन डीएनएवर बसून ते जवळपास बंद करतं. जनुकं अशी चालू-बंद करणारी प्रथिनं म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. त्याचं मानवी जनुक जिवाणूत घालून आम्ही ते बनवतो, शुद्ध करतो आणि डीएनएला कुठे, किती घट्ट धरतं ते परीक्षानळीत पाहतो. हे औषध नव्हे, टोचायचं नाही! मात्र रक्तपेशींत हेच प्रथिन कमी करणारा 'कॅस्गेव्ही' उपचार २०२३ साली ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झाला. तो फार महाग आहे. तोवर लग्नाआधी रक्त तपासू या. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला २५ टक्के धोका असतो.